हातावर पोट असलेलं ऑर्किड

हे ऑर्किड मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेच्या बाटलीत. बूच घट्ट लावलेलं, तळाशी बोटभर जाडीची जेली, आणि जेलीत उभी असलेली नखाएवढ्या पानांची रोपं. प्रत्येक रोपाची पानं एकाच पातळीत पसरलेली, अगदी उघडलेल्या पंख्यासारखी. त्यातल्या एका रोपाला फूल आलं होतं. पिवळंधमक, रोपाच्या निम्म्या आकाराचं, बाटलीच्या काचेला जवळजवळ टेकलेलं. बी पेरून वर्षही झालं नव्हतं.

ऑर्किड वाढवणाऱ्याला ही गोष्ट किती विलक्षण वाटते ते सांगायला हवं. बाजारात सगळीकडे दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिसला बीपासून फुलापर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागतात. कॅटलियाला पाच ते सात वर्षंही लागतात. आणि हे इवलं रोप बाटलीतून बाहेर पडायच्या आधीच फुलतं. त्याला इतकी घाई कशाची, या प्रश्नाचं उत्तर मिळालं की हे रोप कसं वाढवायचं हेही कळतं. त्यामुळे आधी त्याच्या जंगलातल्या आयुष्याबद्दल, आणि मग कुंडी-पाण्याबद्दल.

त्याचं नाव एरिसिना पुसिला. 'पुसिला' म्हणजे लॅटिनमध्ये अगदी लहान. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ साली त्याची नोंद केली तेव्हा एपिडेंड्रम पुसिलम असं नाव दिलं होतं. पुढे ते ऑन्सिडियम या गटात गेलं. १९७२ मध्ये त्याच्यासाठी सिग्मॉर्किस हा वेगळा गट काढला गेला आणि २००१ मध्ये डीएनएच्या अभ्यासानंतर ते एरिसिनात आलं. हा इतिहास सांगायचं कारण व्यवहारातलं आहे. रोपं विकणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर आजही ऑन्सिडियम पुसिलम, सिग्मॉर्किस पुसिला आणि एरिसिना पुसिला ही तिन्ही नावं दिसतात. रोप एकच आहे. मला स्वतःला सिग्मॉर्किस हे नाव जास्त आवडतं, कारण त्यातला ग्रीक शब्द पंख्यासाठी आहे आणि रोपाकडे पाहिल्यावर तोच पहिला शब्द मनात येतो.

काडीवरचं बिऱ्हाड

दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून खाली ब्राझील आणि बोलिव्हियापर्यंतच्या दमट, उबदार जंगलांत हे ऑर्किड सापडतं. पण ते शोधायला झाडाच्या जाड, शेवाळलेल्या खोडाकडे पाहिलं तर हाती काही लागणार नाही. बहुतेक झाडावरची ऑर्किडं तिथे असतात. एरिसिना पुसिला राहतं फांदीच्या टोकाकडच्या बारीक काड्यांवर, कधी पेन्सिलीएवढ्या, कधी त्याहून बारीक. जंगलाच्या कडेला, ओढ्यावर झुकलेल्या फांद्यांवर, आणि जंगल तोडून लावलेल्या पेरू-कॉफीच्या झाडांवरसुद्धा.

एक गैरसमज आधीच दूर करतो. झाडावर वाढतं म्हणजे बांडगूळ, असं आपण सहज म्हणून जातो. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून त्याचा रस पितं. ऑर्किड तसं करत नाही. त्याला झाडाकडून फक्त टेकायला जागा हवी असते. पाणी पावसाचं आणि दवाचं, अन्न स्वतःच्या पानांत तयार केलेलं, क्षार पावसाच्या पाण्यातून आणि धुळीतून आलेले. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

आता काडीवरच का? कारण तिथे उजेड असतो आणि भाऊगर्दी नसते. खोडावर शेवाळ, नेचे, मोठाली ऑर्किडं यांची आधीच दाटी असते. टोकाची काडी मात्र मोकळी असते, कारण तिथे टिकून राहणं फार कठीण. काडी गुळगुळीत असते. तिच्यावर पालापाचोळा साचत नाही, म्हणून पाणी धरून ठेवणारं काही नसतं. पाऊस थांबला की तासाभरात सगळं कोरडं. वारा सतत हलवत राहतो. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे काडी टिकत नाही. ती वाऱ्याने मोडते, सावलीत गेली की वाळून गळते. जगलीच तर जाड होते, तिची साल उकलते, आणि सालीबरोबर वरचा भाडेकरू खाली जातो. म्हणजे जागा काही वर्षांपुरतीच मिळते. तेवढ्यात रुजायचं, वाढायचं, फुलायचं, बी करायचं आणि ते बी दुसऱ्या काडीवर पोहोचवायचं.

मार्क चेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अशा काडीवरच्या ऑर्किडांचा बारकाईने अभ्यास केला आणि ती वेगळीच जीवनशैली असल्याचं दाखवलं. त्यातली मला सगळ्यांत सुंदर वाटलेली गोष्ट बियांची आहे. ऑर्किडचं बी धुळीच्या कणासारखं असतं आणि वाऱ्यावर उडतं. पण गुळगुळीत काडीवर धूळ टिकत नाही. म्हणून या ऑर्किडांच्या बियांच्या टरफलाला टोकाशी सूक्ष्म आकडे किंवा गाठी असतात. काडीवरच्या खरखरीत कणाला, शेवाळाच्या धाग्याला बी अडकून बसतं.

दुसरी गोष्ट त्या पंख्याची. ऑन्सिडियमच्या कुळातल्या बऱ्याच ऑर्किडांची अगदी कोवळी रोपं अशीच पंख्यासारखी दिसतात. ती मोठी झाली की पंखा मोडतो, खोडाशी फुगीर गाठी तयार होतात, लांब पानं येतात आणि मग फुलं. एरिसिना पुसिला तिथवर जातच नाही. ते बालरूपातच फुलतं. मोठं व्हायला लागणारा सगळा वेळ त्याने वगळून टाकला आहे. बाटलीत फूल कसं आलं याचं उत्तर हेच. ज्या वयात इतर ऑर्किडं अजून लहान असतात त्या वयात हे वयात आलेलं असतं.

या घाईमुळे प्रयोगशाळांनाही ते हवंहवंसं झालं. गुणसूत्रांच्या अवघ्या पाच-सहा जोड्या (फॅलेनॉप्सिसला १९ असतात), तळहातावर मावणारं रोप आणि वर्षाच्या आत पुढची पिढी, यामुळे ऑर्किडची जनुकं समजून घेण्यासाठी नमुना म्हणून तैवानमधल्या संशोधकांनी ते निवडलं.

कणगी नसलेलं घर

आता मुख्य मुद्दा. मघाशी ज्या फुगीर गाठी म्हणालो, त्यांना ऑर्किडवाले स्यूडोबल्ब म्हणतात. ती ऑर्किडची कणगी. पाणी आणि अन्न तिथे साठतं. दोन महिने पाऊस नाही आला तरी कॅटलिया किंवा डेंड्रोबियम त्या साठ्यावर निभावून नेतं. पानं गळतील, गाठी सुरकुततील, पण पाऊस आला की नवा कोंब फुटेल.

एरिसिना पुसिलाला ही कणगी नाही. जाड, मांसल पानं आणि बारीक मुळं एवढाच त्याचा पसारा. त्याचं हातावर पोट आहे. आज मिळालं तर आज खायचं, उद्याचं उद्या. म्हणून त्याला महिन्यातून चारदा भरपूर पाणी घालून चालत नाही, रोज थोडं लागतं. हे एक वाक्य नीट समजलं तर पुढचं सगळं त्यातून आपोआप निघतं. ऑर्किडबद्दलचा सर्वांत प्रचलित सल्ला म्हणजे 'आठवड्यातून एकदा पाणी द्या, जास्त पाण्याने मरतात'. या रोपाबाबत तो सल्ला घातक आहे. पण त्याच्या उलट टोक, म्हणजे कायम ओलं ठेवणं, तेही तितकंच घातक. ते का, हे मुळांकडे पाहिल्यावर कळेल.

झाडावरच्या ऑर्किडांच्या मुळांभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं आवरण असतं. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरड्या वेळी या पेशींत हवा असते, म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. पाण्याचा थेंब पडला की स्पंजासारखं ते शोषलं जातं आणि आवरण पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसू लागतो. शोषून घ्यायला काही क्षण पुरतात आणि ते पाणी परत उडून जायला तास लागतात. मधल्या वेळात मूळ आतल्या जिवंत भागात पाणी ओढून घेतं. पावसाची पहिली सर झाडाची पानं धुऊन येते, तिच्यात क्षार सर्वांत जास्त असतात, आणि व्हेलामेन नेमकी तीच सर टिपून घेतं.

पण याच आवरणात पाणी दिवसरात्र भरून राहिलं तर हवेला आत जायला वाट उरत नाही. मूळ गुदमरतं आणि कुजतं. म्हणून भिजणं आणि सुकणं, दोन्ही रोज व्हायला हवं.

आणखी एक खुबी पानांत आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्या वेळी उघड्या रंध्रांतून पाणीही उडून जातं. एरिसिना पुसिला रात्री रंध्रं उघडतं. थंड, दमट हवेत पाणी कमी उडतं. आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानांत साठवतं आणि दिवसा, रंध्रं मिटून, उजेडात त्याची साखर बनवतं. निवडुंग आणि अननस हेच करतात. या पद्धतीला कॅम म्हणतात. गंमत अशी की याच एरिसिना गटातलं एरिसिना क्रिस्टा-गाली साध्या, दिवसाच्या पद्धतीने जगतं, आणि दोघांची तुलना करून कॅमची उत्क्रांती कशी झाली असेल याचा शोध घेतला जातो. आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: या रोपाला रात्र लागते. खरी, काळोखी आणि दिवसापेक्षा थोडी थंड रात्र. कृत्रिम दिवे चोवीस तास चालू ठेवले तर रोप जास्त वाढेल असं वाटणं चुकीचं आहे. बारा-तेरा तास उजेड, मग पूर्ण काळोख.

बांधायचं कशावर

कुंडीत हे रोप जगत नाही असं नाही, पण मी कुंडीची शिफारस करणार नाही. कुंडीतला साल-कोळसा मधोमध किती ओला आहे ते दिसत नाही, आणि या रोपाच्या बाबतीत मुळं दिसणं हीच निम्मी देखभाल आहे.

अंगठ्यापेक्षा बारीक, कठीण लाकडाची, साल घट्ट धरून ठेवणारी काडी घ्यावी. पेरूची काडी चांगली, कॉफीची उत्तम. जंगलातही ते अशाच काड्यांवर बसतं. चीक येणारी किंवा पटकन कुजणारी लाकडं टाळावीत. कॉर्कचा लहान तुकडाही चालतो आणि तो जास्त टिकतो. रोपाची मुळं काडीवर पसरवायची आणि मासेमारीच्या पातळ दोऱ्याने किंवा साध्या सुती धाग्याने दोन-तीन वेढे द्यायचे. दोरा मुळांवरून जावा, बुंध्यावरून नको. रोप हलता कामा नये, कारण हलणाऱ्या रोपाची मुळांची नवी टोकं घासून मरतात आणि ते काडीला चिकटतच नाही. पंखा किंचित बाजूला कललेला असेल असं बांधा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पडलेलं पाणी आपोआप ओघळेल.

मुळांखाली शेवाळ घालायचं की नाही? माझं पहिलं रोप मी जाड ओल्या शेवाळात गुंडाळलं होतं. लहान जीव, सुकू नये, एवढाच विचार. तीन आठवड्यांत मुळं काळी पडली आणि पंखा बुंध्यापासून सुटून हातात आला. तेव्हापासून मी शेवाळाच्या चार-पाच काड्यांपलीकडे जात नाही, आणि हवा पुरेशी दमट असेल तर तेवढ्याही नाही.

पाणी

सकाळी लवकर द्यावं. फवारा द्या किंवा काडीच पाण्याच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. मी बुडवतो, कारण फवाऱ्याने मुळांची मागची बाजू बरेचदा कोरडी राहते. सगळी मुळं हिरवी झाली की पाणी पुरलं. रुपेरी ठिपके शिल्लक असतील तर आणखी मिनिटभर. मग काडी झटकून, पंख्यात अडकलेलं पाणी काढून, टांगून ठेवायची.

आता घड्याळ पाहा. दुपारपर्यंत मुळं पुन्हा रुपेरी झाली पाहिजेत. झाली तर तुमची जागा, काडी आणि हवा जुळून आली आहे. तासाभरातच झाली तर हवा फार कोरडी आहे, दुपारी आणखी एकदा पाणी द्या किंवा जागा बदला. आणि संध्याकाळपर्यंतही हिरवीच राहिली तर वारा कमी पडतोय. अशा वेळी पाणी कमी करण्याआधी हवा खेळती करा. पाणी तोडलं की रोप उपाशी राहतं. वारा वाढवला की ते पितंही आणि सुकतंही.

संध्याकाळनंतर पानांवर पाणी नको. रात्रीची हवा दमट असावी, पण पंख्याच्या बेचक्यात साठलेलं पाणी रात्रभर राहिलं तर बुंधा कुजतो. या रोपाला वाढीचा शेंडा सहसा एकच असतो, त्यामुळे बुंधा कुजला की रोप गेलंच म्हणून समजा.

पाणी कसलं, यालाही महत्त्व आहे. पावसाचं सर्वांत चांगलं. ते नसेल तर आरओचं. जड पाण्यातले क्षार काडीवर आणि व्हेलामेनवर पांढरे थर धरतात आणि मुळांची टोकं जळतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र असेल तर शंभरच्या आत असलेलं पाणी द्या.

खतही याच तत्त्वावर द्यावं. साठवायला कणगी नाही, म्हणून एकदम भरपूर खत देऊन उपयोग नाही. पाण्यात विरघळणारं समतोल खत, लिटरला पाव ग्रॅम किंवा त्याहून कमी, आठवड्यातून एकदा. इतकं पातळ खत मी कोरड्या मुळांनाच देतो. आधी साधं पाणी पाजलं तर व्हेलामेन त्यानेच भरून जातं. पण प्रमाण याहून वाढवायचं असेल तर आधी साधं पाणी देणंच सुरक्षित. आणि बाकीच्या दिवशी साध्या पाण्याने धुणं आलंच.

उजेड, वारा, ऊब

बाहेरच्या काड्यांवर राहणारं रोप आहे, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात ते कुढतं. फॅलेनॉप्सिसपेक्षा त्याला जास्त उजेड हवा. सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तरी चालतं. दुपारचं थेट ऊन मात्र नको. मोजायचंच तर पंधरा ते वीस हजार लक्सच्या आसपास. मोजण्यापेक्षा पानं वाचलेली बरी. मध्यम हिरवी, कडेला किंचित तांबूस झाक असलेली, ताठ पानं म्हणजे उजेड योग्य. गडद हिरवी, लांबुडकी, मऊ पानं म्हणजे कमी. पिवळट आणि सगळीकडून लाल म्हणजे जास्त.

पानाच्या रचनेकडे एकदा भिंग घेऊन पाहा. पान मध्यशिरेवर दुमडून स्वतःलाच चिकटलेलं असतं, त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या दोन्ही बाजू म्हणजे पानाची खालचीच बाजू. अशी उभी, कडेवर असलेली पानं माथ्यावरच्या उन्हाकडे धार करून उभी राहतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अंगावर घेतात.

तापमान दिवसा २२ ते ३० अंश, रात्री १६ ते २० अंश. त्यात फार सांगण्यासारखं नाही. दमटपणा ६० ते ८० टक्के असला की बरं. मात्र दमटपणा वाढवायला रोप बंद काचेच्या पेटीत कोंडत असाल तर आत लहानसा विजेचा पंखा हवाच. वारा नसलेला दमटपणा बुरशीला मानवतो, ऑर्किडला नाही.

कीड-रोगांत गोगलगायी सर्वांत वाईट. त्या रात्री येऊन मुळांची हिरवी टोकं खातात, आणि एवढ्याशा रोपाची चार टोकं गेली तर त्याचा महिन्याचा घास गेला. पंख्याच्या घड्यांत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड लपतात. आठवड्यातून एकदा भिंगाने पाहणं आणि अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढणं पुरतं.

फूल

फुलाचा दांडा पानांच्या बेचक्यातून येतो, पानाइतकाच लांब. एका वेळी त्याला सहसा एकच फूल येतं. ते गळलं की त्याच दांड्यावर पुढची कळी. हे अनेक महिने चालू राहतं. म्हणून फूल गळल्यावर हिरवा दांडा कापू नका. ऑर्किडचे दांडे कापायची सवय असलेल्यांकडून ही चूक हमखास होते. दांडा स्वतःहून तपकिरी होऊन वाळला की मगच काढा.

पिवळा रंग आणि रुंद, झालरीदार ओठ (फुलाची खालची मोठी पाकळी) यांचं कारणही पाहण्यासारखं आहे. उष्णकटिबंधीय अमेरिकेत सेन्ट्रिस नावाच्या मधमाश्या फुलांतून मधाऐवजी तेल गोळा करतात. ते तेल त्यांना मुख्यतः मालपिघिएसी कुळातल्या झुडपांच्या फुलांत मिळतं. ऑन्सिडियमच्या कुळातल्या अनेक पिवळ्या ऑर्किडांनी या फुलांसारखं रूप घेतलं आहे, काहींनी तेलासह, काहींनी नुसतं रूप. घरात या माश्या नसतात, त्यामुळे शेंग हवी असेल तर परागीभवन आपल्यालाच करावं लागतं.

एक सावधगिरी. नुकत्याच बाटलीतून काढलेल्या किंवा नवीन काडीवर बांधलेल्या रोपाला कळी आली तर ती खुडून टाका. मनाला लागतं, पण मुळं धरलेली नसताना रोप कमाईपेक्षा जास्त खर्च करत असतं. काडीला घट्ट चिकटलेलं पहिलं नवं मूळ दिसलं की मग त्याला हवं तितकं फुलू द्या.

म्हातारपण आणि पुढची पिढी

हे ऑर्किड तुमच्याबरोबर वीस वर्षं राहणार नाही. काही वर्षांनी नवी पानं लहान येऊ लागतात, फुलं कमी होतात आणि एक दिवस पंखा पिवळा पडतो. कधी बुंध्याशी बाजूचा फुटवा येतो आणि रोप तिथून पुढे चालू राहतं, पण त्यावर विसंबू नये. पाणी, खत सगळं बरोबर असूनही रोप गेलं म्हणून खूप जण स्वतःला दोष देतात. काडीवरच्या आयुष्याचा हिशोबच तेवढा असतो.

दरम्यान काडी आधी कुजली तर रोप खरवडून काढू नका. मुळं काडीला अशी चिकटलेली असतात की निघताना व्हेलामेन सोलून निघतं. जुनी काडी रोपासकट नव्या काडीला बांधा. नवी मुळं आपसूक पलीकडे जातात.

पुढच्या पिढीसाठी शक्य असेल तर दोन वेगवेगळी रोपं ठेवा. दातकोरण्याच्या टोकाने एका फुलाचा परागपुंज काढून दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या चिकट खळग्यात ठेवायचा. लागलं तर फूल मिटतं आणि मागचा देठ फुगू लागतो. रोप तरुण आणि जोमात असतानाच हे करा, कारण शेंग पोसणं म्हणजे हातावरच्या पोटाला आणखी एक तोंड.

बी मात्र कुंडीत टाकून रुजणार नाही. ऑर्किडच्या बीबरोबर शिदोरी नसते. डाळीच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतकं अन्न असतं, ऑर्किडच्या बीत ते नसतं. जंगलात विशिष्ट बुरशी बीत शिरते आणि कोंब तिच्याकडून अन्न मिळवतो. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे १८९९ मध्ये उमगलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी दाखवलं की निर्जंतुक बाटलीत साखर आणि क्षार घातलेली जेली दिली तर बुरशीशिवायही बी रुजतं. आज विकली जाणारी बहुतेक लागवडीची ऑर्किडं त्याच पद्धतीने जन्मलेली असतात. हे घरी करता येतं, पण हात, चाकू, बाटली सगळं निर्जंतुक ठेवण्याची सवय लागते. ती नसेल तर शेंग बाटलीत बी रुजवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवणं बरं.

विकत घेतानाही बाटलीत वाढलेलंच रोप घ्या. जंगलातून ओरबाडून आणलेलं रोप मुळं तुटल्यामुळे बहुधा जगत नाही, आणि त्याची काडी तिथे रिकामी होते. सगळी ऑर्किडं साइट्स या रानटी जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणून परदेशातून रोप मागवायला परवाना लागतो. निर्जंतुक बाटलीतल्या, कृत्रिमरीत्या वाढवलेल्या इवल्या रोपांना या करारात बहुतांशी सवलत असते, पण तुमच्या देशाचे वनस्पती-आयातीचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहा.

बाटलीतून रोप काढताना कोमट पाण्यात जेली पूर्ण धुऊन टाका. जेलीत साखर असते, तिचा कणही मुळांत राहिला तर बुरशी दोन दिवसांत हजर होते. बाटलीतल्या शंभर टक्के दमट हवेत वाढलेल्या या पानांना उघड्या हवेची सवय नसते. पहिले दोन-तीन आठवडे रोपं झाकणाच्या पारदर्शक डब्यात, मंद उजेडात ठेवा. झाकण पहिल्या दिवशी पाच मिनिटं उघडा, मग रोज थोडं जास्त. झाकण दिवसभर उघडं राहूनही पानं ताठ राहिली की रोप काडीवर बांधायला तयार झालं.

आणि घरच्या रोपाला शेंग धरली असेल तर ती पिवळी पडू लागताच तिच्याभोवती पातळ कागदाची पुडी सैलसर बांधा, वर परागीभवनाची तारीख लिहा. ती उकलते तेव्हा आवाज होत नाही. पंख्याची एक झुळूक आली की सगळं बी खोलीभर उडून जातं.